नव्या सर्व्हरवर सीएसएस गायब झाले, आणि नंतर फक्त मोठेच फोटो दिसेनात

उद्यमनगरकर, सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीसाठी मी गेली काही वर्षे एक छोटे वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. ओतकामानंतर प्रत्येक कास्टिंगच्या तपासणीचे फोटो मोबाइलवरून चढवायचे, हीट नंबरप्रमाणे (वितळवलेल्या धातूच्या घाण्याच्या क्रमांकाप्रमाणे) त्यांची नोंद ठेवायची आणि माल डिस्पॅच करताना टेस्ट सर्टिफिकेटची पीडीएफ ग्राहकाला मिळेल अशी सोय करायची, एवढेच त्याचे काम आहे. ॲप्लिकेशन जँगो २.२ मध्ये, म्हणजे पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्कमध्ये, आहे. त्या आवृत्तीचा आधार एप्रिल २०२२ मध्ये संपला आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावरून कृपया कान उपटू नयेत. तो विषय मालकांच्या कानावर दोनदा घातलेला आहे.

जुना सर्व्हर उबंटू लिनक्स २०.०४ वर होता. शनिवारी रात्री सगळे उबंटू २२.०४ च्या नव्या सर्व्हरवर हलवले आणि त्यासाठी पायथन ३.८ वेगळे बसवले. जुन्या ठिकाणी गनिकॉर्न (जँगो चालवणारा प्रोग्रॅम) आणि एन्जिनएक्स (ब्राउझरला फाइली देणारा वेब सर्व्हर) हे दोन्ही वेब सर्व्हरच्या एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालत असत. ते बरे नव्हे असे वाचल्यामुळे या वेळी ॲप्लिकेशनसाठी 'ॲप' नावाचा वेगळा वापरकर्ता केला, आणि पूर्वीप्रमाणेच सगळा प्रकल्प त्याच्या होम डिरेक्टरीत (वैयक्तिक फोल्डरात) ठेवला.

आता लॉगिनचे पान उघडते, पण ते अगदी उघडेबोडके येते. सीएसएस (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइली) नाही, लोगो नाही, जुने फोटोही नाहीत. कलेक्टस्टॅटिक (सीएसएस, लोगो अशा फाइली एका जागी गोळा करणारी जँगोची आज्ञा) चालवले तेव्हा सर्व फाइली उतरवल्याचा संदेश आला, आणि फाइली जागेवर आहेत हे मी डोळ्यांनी पाहिले. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये मात्र प्रत्येक फाइलपुढे '१३: परमिशन डिनाइड' असे येते. प्रकल्पाच्या फोल्डरला आतल्या सर्व फाइलींसह ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) दिले, तरीही ढिम्म. ७७७ देऊनही परवानगी नाकारली जाते म्हणजे काय, हे मला समजेनासे झाले आहे.

शिरोलीकर, सोमवार, रात्री ९.४५

प्रकल्पाच्या फोल्डरऐवजी एक पायरी वर जाऊन होमपासूनच ७७७ द्या. माझ्या दोन साइट तशाच चालू आहेत.

रंकाळ्याची_लाट, सोमवार, रात्री ११.०५

उद्यमनगरकर, वरचा उपाय कृपया करू नका. आपला प्रश्न आकड्याचा नाही. ती फाइल कोण वाचू पाहतो आहे आणि तिथपर्यंतच्या वाटेवर त्याला कुठे अडवले जात आहे, एवढेच शोधायचे आहे.

जुन्या पद्धतीचा वाडा डोळ्यांसमोर आणा. माजघराच्या कपाटाला कुलूप नसले तरी दिंडीदरवाजा बंद असेल तर कपाट उघडे असून उपयोग काय? फाइलच्या मार्गावरील प्रत्येक डिरेक्टरी हा असा एकेक दरवाजा असतो. डिरेक्टरीच्या बाबतीत 'वाचणे' म्हणजे आत कोणकोणती नावे आहेत त्यांची यादी पाहणे, आणि 'चालवणे', म्हणजे तो शेवटचा एक्स, याचा अर्थ तिच्यातून पुढे जाता येणे. मधल्या एका जरी डिरेक्टरीवर एक्स नसेल तर आतल्या फाइलीला ७७७ असो की ७७७७, पलीकडचे काहीही हाती लागत नाही.

आता नव्या सर्व्हरवरच हे का घडले ते सांगते. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीची परवानगी ७५५ वरून ७५० केली (तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे; वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १ यांची बेरीज म्हणजे तो अंक). पूर्वी कोणीही होममधून पुढे जाऊ शकत असे. आता 'इतर' या वर्गाला दारातच थांबवले जाते. आपला एन्जिनएक्स ॲप या वापरकर्त्याच्या गटात नाही, म्हणजे तो 'इतर' झाला. जुन्या सर्व्हरवर हे दार उघडे होते म्हणून इतकी वर्षे कळले नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर 'नेमआय' ही आज्ञा 'एल' पर्यायासह एखाद्या सीएसएस फाइलच्या पूर्ण मार्गावर चालवा. मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी ती एकाखाली एक दाखवते. त्यानंतर सुडो (दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने आज्ञा चालवण्याची सोय) वापरून, वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने तीच फाइल 'कॅट' करून, म्हणजे वाचून पाहा. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून तपासणी करण्यात काही अर्थ नाही, कारण रूटला कोणीच अडवत नाही.

आपण विचारलेले नाही, पण ओघात सांगते. स्टॅटिकच्या सेटिंग्जमध्ये तीन नावांची अनेकांकडून गल्लत होते. स्टॅटिक-यूआरएल हा ब्राउझरला दिसणारा पत्ता आहे. स्टॅटिकफाइल्स-डर्स म्हणजे आपण स्वतः लिहिलेल्या मूळ फाइली जिथून गोळा करायच्या त्या जागा. स्टॅटिक-रूट म्हणजे कलेक्टस्टॅटिकने त्या गोळा करून ठेवायचे कोठार, आणि एन्जिनएक्सला फक्त या कोठाराचा पत्ता द्यायचा असतो. डीबग (चाचणीचा मोड) बंद केल्यावर जँगो स्वतः या फाइली पुरवत नाही, त्यामुळे आपल्या संगणकावर सारे दिसते आणि सर्व्हरवर दिसत नाही. आपल्या बाबतीत लॉग १३ हा आकडा दाखवतो आहे, म्हणून ही बाजू ठीक असावी. फाइलच सापडली नसती तर तिथे २ हा आकडा आला असता.

उद्यमनगरकर, मंगळवार, सकाळी १०.१५

ताई, आपला प्रतिसाद मी आज सकाळी वाचला, आणि दुर्दैवाने त्याआधीच काल रात्री शिरोलीकरांचा सल्ला अमलात आणला होता. डिझाइन ताबडतोब दिसू लागले, जुने फोटोही आले, म्हणून मी समाधानाने झोपलो. सकाळी सर्व्हरवर एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) जाऊ लागलो तर माझी की (पासवर्डऐवजीची किल्ली-फाइल) नाकारली जाऊ लागली. कालपर्यंत हीच की चालत होती. शेवटी होस्टिंगच्या पानावरील कन्सोलमधून, रूटचा पासवर्ड शोधून काढून आत शिरलो. लॉगमध्ये होम डिरेक्टरीची 'ओनरशिप किंवा मोड' चुकीची असल्याचे लिहिले आहे. आता कशाला हात लावू आणि कशाला नको, हे कळत नसल्यामुळे सारे तसेच ठेवून विचारतो आहे. फाउंड्रीत पहिली पाळी सुरू आहे आणि साइट चालू आहे, एवढेच काय ते बरे.

जुना_बुधवार, मंगळवार, दुपारी १.३०

एसएसएचने आपले काम चोख केले आहे. ज्या होम डिरेक्टरीत कोणीही लिहू शकतो, तिथे कोणीही आपली की आणून ठेवू शकतो. म्हणून होम, त्यातील डॉट-एसएसएच फोल्डर किंवा ऑथराइज्ड-कीज ही मान्य कींची फाइल यांपैकी कशावरही गटाला वा इतरांना लिहिण्याची परवानगी दिसली की एसएसएच त्या कींवर विश्वास ठेवत नाही. कन्सोलमधूनच होमला ७५०, डॉट-एसएसएचला ७०० आणि ऑथराइज्ड-कीजला ६०० द्या, म्हणजे दार उघडेल. त्याच फोल्डरात गिटसाठी (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनासाठी) खासगी की ठेवली असेल तर तिलाही ६०० द्या, नाहीतर उद्या गिट पुल करताना तीच कथा पुन्हा ऐकावी लागेल.

मात्र होम ७५० केले की डिझाइन पुन्हा जाईल, हे लक्षात ठेवा. म्हणून त्याआधी प्रकल्प होममधून बाहेर काढा. चालू सेवेच्या फाइली माणसाच्या घरात ठेवणे मला कधीच पटलेले नाही. मूळ डिरेक्टरीखाली 'एसआरव्ही' नावाची जागा नेमकी यासाठीच असते. तिथे प्रकल्पाचे फोल्डर करा. हलवताना व्हर्च्युअल-एन्व्ह (प्रकल्पाच्या पायथन लायब्रऱ्यांचे वेगळे फोल्डर) उचलून नेऊ नका, कारण त्यातील स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण मार्ग कोरलेला असतो. ते नव्या जागी नव्याने तयार करावे.

परवानग्यांची मांडणी मी पुढीलप्रमाणे करतो. सर्व फाइलींचा मालक ॲप हा वापरकर्ता. प्रकल्पाच्या सर्वांत वरच्या फोल्डरला ७५१, म्हणजे इतरांना त्यातून पुढे जाता येते, पण आत काय आहे याची यादी पाहता येत नाही. कोडच्या फोल्डरांना ७५० आणि त्यांचा गटही ॲपच. एन्जिनएक्सला आपले पायथन वाचण्याचे काहीच कारण नाही. गुपिते असलेल्या डॉट-ईएनव्ही फाइलला ६००. उरली दोन फोल्डरे, स्टॅटिक आणि मीडिया (चढवलेले फोटो). त्यांचा गट वेब सर्व्हरचा करा, डिरेक्टरींना २७५० द्या आणि फाइलींना ६४०. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे त्या डिरेक्टरीत नव्याने जन्मणारी फाइल निर्मात्याचा गट न घेता डिरेक्टरीचा गट घेते. हा २ नसेल तर पुढच्या वेळी हाताने कलेक्टस्टॅटिक चालवल्यावर नव्या फाइली ॲपच्या गटात जातील आणि आपण पुन्हा इथे लिहायला याल.

हे दुरुस्त करताना एक खाच आहे. चमॉडला (परवानगी बदलणाऱ्या आज्ञेला) मोठा एक्स दिला की तो फक्त डिरेक्टरींना एक्स देतो, असे बरेच जण सांगतात. ते अर्धे खरे आहे. ज्या फाइलीवर आधीच कोणाचा तरी एक्स आहे, तिलाही तो एक्स ठेवतो. आपण सरसकट ७७७ दिलेले असल्यामुळे आता आपल्या प्रत्येक जेपीजीवर एक्स आहे, त्यामुळे मोठ्या एक्सचा इथे उपयोग नाही. 'फाइंड' ही शोधाची आज्ञा वापरून डिरेक्टरी वेगळ्या आणि फाइली वेगळ्या निवडा आणि दोघींना आपापले आकडे द्या.

यानंतर सिस्टमडीच्या (सर्व्हरवरील सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेवाफाइलमध्ये यूमास्क (नव्या फाइलींना कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते) ००२७ लिहा. काही जण यूमास्क बॅशच्या (लॉगिन केल्यावर आज्ञा घेणाऱ्या शेलच्या) फाइलीत लिहितात आणि गनिकॉर्नवर परिणाम का होत नाही म्हणून डोके धरतात. सिस्टमडीने सुरू केलेली सेवा ती फाइल वाचतच नाही. यूमास्क म्हणजे आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे समजा. बरगे घातले तेवढे पाणी अडते, ००२७ लिहिले तर गटाचे लिहिणे आणि इतरांचे सर्व काही अडते. पण जे पाणी आधीच खाली वाहून गेले, त्याला नंतर घातलेला बरगा अडवू शकत नाही. जुन्या फाइली हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

एन्जिनएक्समध्ये स्टॅटिकसाठी एलियास (ब्राउझरमधील पत्ता, म्हणजे लोकेशन, एखाद्या फोल्डरला जोडणारी ओळ) वापरत असाल तर लोकेशन आणि एलियास या दोन्हींच्या शेवटी तिरकी रेघ आहे ना, ते डोळ्यांत तेल घालून पाहा. लोकेशनला रेघ नाही आणि एलियासला आहे, अशी मांडणी झाली तर पत्त्यात स्टॅटिकच्या पुढे दोन टिंबे जोडून कोणीही एक पायरी वर चढू शकतो आणि सेटिंग्जची फाइल उतरवून घेऊ शकतो. तिथे वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कोडवरील ते ७५०.

शिरोलीकर, मंगळवार, दुपारी २.१०

माझ्यामुळे त्रास झाला, क्षमस्व. माझ्या साइटवर पासवर्डने लॉगिन होते, म्हणून हे कधी अनुभवास आले नव्हते. आज दोन्ही साइट तपासतो.

यंत्रमाग_इचल, मंगळवार, सायंकाळी ६.००

रॉकी किंवा अल्मा लिनक्स वापरणारे कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी भर घालतो. तिथे आकडे अगदी अचूक असले तरी एसई-लिनक्सचे (परवानग्यांपलीकडच्या जादा सुरक्षाव्यवस्थेचे) लेबल चुकले की १३ हीच चूक येते. होममधून फाइली 'एमव्ही'ने हलवल्या तर जुने लेबल त्यांच्यासोबत जाते. 'सीपी'ने उतरवल्या तर नव्या जागेचे लेबल लागते. 'एलएस'ला (फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला) मोठा झेड देऊन लेबल पाहावे आणि नव्या मार्गाचा नियम नोंदवून 'रीस्टोरकॉन' चालवावे. एसई-लिनक्स बंद करून टाकणे हा ७७७ चाच थोरला भाऊ आहे.

उद्यमनगरकर, मंगळवार, रात्री १०.४०

जुना बुधवार सर, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. एसएसएच सुरू झाले. प्रकल्प एसआरव्हीमध्ये हलवला, फाइंडने आकडे दिले, आणि नेमआयच्या यादीत मुळापासून सीएसएसपर्यंत एकही बंद दार दिसत नाही. वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने सीएसएस वाचता येते आणि डॉट-ईएनव्ही वाचता येत नाही, हे दोन्ही तपासले. लोकेशनची तिरकी रेघ माझ्याकडेही नव्हती, ती घातली.

वाटेत एक गोष्ट लक्षात आली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मीडियासाठी मी ट्राय-फाइल्स (एका जागी फाइल नसेल तर पुढचा पर्याय पाहणारी एन्जिनएक्सची सूचना) वापरतो. फाइलपर्यंत पोहोचता आले नाही तर तिथे ४०३ (परवानगी नाही) येत नाही. एन्जिनएक्स मुकाट्याने पुढच्या पर्यायाकडे जातो आणि ब्राउझरला ४०४ (फाइल सापडली नाही) मिळते. त्यामुळे सुरुवातीला मी दोन तास, फोटो उतरवताना राहिलेच की काय, हे शोधण्यात घालवले. खरे कारण एरर लॉगमध्येच लिहिलेले होते.

मात्र आता नवेच दुखणे उभे राहिले आहे. जुने सर्व फोटो दिसतात, पण आज चढवलेल्या फोटोंपैकी काही दिसतात आणि काही दिसत नाहीत. तोच सुपरवायझर, तोच मोबाइल, तेच पान. दुपारच्या एका कास्टिंगला ब्लो होल (धातूत वायूमुळे पडलेली पोकळी) निघाले म्हणून त्याचे चार फोटो चढवले. त्यातील एक दिसतो आणि तीन दिसत नाहीत. चढवताना कोणतीही चूक दाखवली जात नाही.

कागल_फाटा, मंगळवार, रात्री ११.००

एन्जिनएक्सची अपलोडची मर्यादा मूळची १ एमबी असते. ती वाढवली आहे का?

उद्यमनगरकर, मंगळवार, रात्री ११.१५

होय, ती आधीपासून २० एमबी आहे. ती कमी पडली असती तर ४१३ (फाइल फार मोठी) आले असते आणि फाइल सर्व्हरवर पोहोचलीच नसती. इथे फाइल पोहोचते, पण दिसत नाही.

रंकाळ्याची_लाट, बुधवार, सकाळी ८.५०

उद्यमनगरकर, दिसणारा तो एक फोटो सुपरवायझरने व्हॉट्सॲपवरून घेऊन चढवला होता का, आणि बाकीचे तीन थेट कॅमेऱ्यातून, एवढे विचारून घ्या. आणि मीडियाच्या फोल्डरात त्या चारही फाइलींचे आकारमान आणि परवानगी पाहा.

उद्यमनगरकर, बुधवार, सकाळी ११.३०

ताई, आपण उद्यमनगरात येऊन पाहून गेलात की काय! एक फोटो दुसऱ्या कामगाराने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तोच दिसतो. फोल्डरात त्याचे आकारमान १८४ केबी आहे आणि परवानगी ६४०. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले तिन्ही फोटो साडेतीन एमबीच्या पुढे आहेत, सर्वांत मोठा ३.९ एमबीचा, आणि तिघांपुढे मालकाचे वाचणे-लिहिणे एवढेच दिसते, त्यापुढे आडव्या रेघाच रेघा, म्हणजे ६००. शिवाय त्यांचा गट 'ॲप' आहे, तर लहान फोटोचा गट वेब सर्व्हरचा. एकाच फोल्डरात, एकाच प्रोग्रॅमने, पाच मिनिटांच्या अंतराने लिहिलेल्या फाइली दोन जातींच्या कशा झाल्या?

रंकाळ्याची_लाट, बुधवार, दुपारी १२.२०

जँगो लहान फाइल स्मृतीत धरून ठेवतो आणि शेवटी मीडियाच्या फोल्डरात थेट लिहितो. ही मर्यादा २.५ एमबीची, म्हणजे २६,२१,४४० बाइटची असते. थेट लिहिलेल्या फाइलीला यूमास्क लागू होतो आणि सेटजीआयडीमुळे डिरेक्टरीचा गट मिळतो. आपला १८४ केबीचा फोटो या वाटेने आला.

त्याहून मोठी फाइल येऊ लागली की जँगो ती आधी तात्पुरत्या फाइलीत उतरवतो. पायथन तात्पुरती फाइल मुद्दाम ६०० या परवानगीने तयार करतो, कारण टेम्प (तात्पुरत्या फाइलींचे सामायिक फोल्डर) ही चावडी आहे. तिथे दुसऱ्याने डोकावू नये. अपलोड पूर्ण झाल्यावर जँगो त्या फाइलीची नक्कल करत बसत नाही, जागा एकाच डिस्कवर असेल तर नाव बदलून ती फाइल उचलून मीडियात ठेवतो. फाइल जुनीच, फक्त पत्ता नवा. म्हणून तिची परवानगीही जुनी आणि गटही जुना. सेटजीआयडी हा जन्माच्या वेळचा संस्कार आहे, दत्तक आलेल्या फाइलीला तो लागत नाही.

जँगोमध्ये यासाठी फाइल-अपलोड-परमिशन्स अशी सेटिंग आहे. ३.० या आवृत्तीपासून तिचे मूळ मूल्य ६४४ झाले, म्हणून नव्या आवृत्तीवरच्या लोकांना हा अनुभव येत नाही. २.२ मध्ये ती रिकामी असते. जुन्या सर्व्हरवर लिहिणारा आणि वाचणारा एकच असल्यामुळे ६०० ने काही बिघडत नव्हते, आणि नव्या सर्व्हरवर जुने मोठे फोटो दिसले ते केवळ आपल्या ७७७ ने आणि नंतरच्या फाइंडने त्यांच्यावरचे ६०० पुसून टाकले म्हणून. ७७७ दिले नसते तर हे दुखणे सोमवारीच सापडले असते.

दोन बदल करावे लागतील. सेटिंगमध्ये ६४० ही परवानगी लिहा, आणि सिस्टमडीच्या सेवाफाइलमध्ये वापरकर्ता ॲप ठेवून गट मात्र वेब सर्व्हरचा करा. म्हणजे गनिकॉर्नने टेम्पमध्ये जन्माला घातलेली फाइलही योग्य गटाची असेल. नुसती परवानगी बदलून काम होणार नाही. ॲपच्या गटातील ६४० फाइल एन्जिनएक्सच्या दृष्टीने ६०० सारखीच आहे. कालपासूनच्या फाइली फाइंडने ६०० शोधून दुरुस्त कराव्यात, त्यांचा गटही बदलावा.

उद्यमनगरकर, बुधवार, सायंकाळी ५.४५

दोन्ही बदल केले, सेवा पुन्हा सुरू केली, आणि चाचणीसाठी एक फोटो चढवला. आता लहान-मोठा कोणताही नवा फोटो दिसत नाही. इतकेच नव्हे तर छोट्या चित्रांची निर्मितीही बंद पडली, म्हणजे ॲप्लिकेशनला स्वतःचीच फाइल वाचता येत नाही. एलएसमध्ये अशी ओळ मी आयुष्यात पाहिलेली नाही: मालकाला फक्त लिहिण्याची परवानगी, बाकी सर्व रेघा, आणि अगदी शेवटी मोठा 'टी'.

जुना_बुधवार, बुधवार, सायंकाळी ६.०५

सेटिंगमध्ये नुसते ६४० लिहिले आहे ना?

उद्यमनगरकर, बुधवार, सायंकाळी ६.१०

होय. आधी ०६४० लिहिले होते, पण पायथनने ती ओळच नाकारली, म्हणून पुढचे शून्य काढले.

जुना_बुधवार, बुधवार, सायंकाळी ६.३५

तिथेच चुकले. परवानगीचा आकडा अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांच्या) पद्धतीचा असतो. पायथन ३ मध्ये तो लिहिताना आधी शून्य, मग इंग्रजी लहान 'ओ' आणि मग ६४० असे लिहावे लागते. पायथन २ मध्ये नुसते शून्य चालत असे. पायथन ३ ते नाकारतो, आणि तेव्हा माणूस शून्य काढून मोकळा होतो. नुसते ६४० म्हटले की तो दशमान आकडा समजला जातो, आणि दशमान ६४० म्हणजे अष्टमान १२००. पहिला १ म्हणजे स्टिकी बिट (एक खास जादा खूण), तोच तुमचा मोठा 'टी'. त्यापुढचा २ म्हणजे मालकाला फक्त लिहिणे. बाकी दोन्ही शून्ये. संगणकाने आपण सांगितले तेच अक्षरशः केले आहे. पीएचपीच्या चमॉडमध्येही हाच सापळा आहे. तिथे नुसते ७५५ लिहिले तर १३६३ होते.

आणि हो, कलेक्टस्टॅटिकही हीच सेटिंग वापरतो. चुकीच्या आकड्याने तो चालवला असेल तर सीएसएसवरही 'टी' लागला असेल. सेटिंग सुधारून तो पुन्हा चालवा आणि एलएसमध्ये पाहा.

उद्यमनगरकर, बुधवार, रात्री ९.००

सुधारले. आता ३.९ एमबीचा फोटो ६४० आणि वेब सर्व्हरच्या गटासह उतरतो आणि ब्राउझरमध्ये दिसतो. ६०० असलेल्या ३७ फाइली निघाल्या, 'टी' असलेल्या ५. सर्व दुरुस्त केल्या. सुपरवायझरला रात्रपाळीतून कॅमेऱ्याने थेट फोटो चढवायला सांगितले, तोही लगेच दिसला.

एकच शंका उरली आहे. रोज रात्री मीडियाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेणारी एक स्क्रिप्ट आहे, ती 'बॅकअप' या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. ७७७ काढल्यापासून तिच्या लॉगमध्येही १३ येऊ लागले आहे.

यंत्रमाग_इचल, बुधवार, रात्री ९.३०

एसीएल (एखाद्या वापरकर्त्यासाठी फाइलीवर वेगळी परवानगी) वापरा. मीडियावर बॅकअप या वापरकर्त्याला 'सेटएफएसीएल'ने वाचण्याची परवानगी द्या, आणि पुढे येणाऱ्या फाइलींसाठी डिफॉल्ट एसीएलही लावा. एलएसमध्ये परवानगीच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसू लागेल.

रंकाळ्याची_लाट, बुधवार, रात्री १०.१०

यंत्रमाग, एसीएल एरवी उत्तम आहे, पण इथे तीच अडचण पुन्हा येईल. डिफॉल्ट एसीएलही फाइल त्या डिरेक्टरीत जन्मली तरच लागू होतो. टेम्पमधून नाव बदलून आलेल्या मोठ्या फोटोंना तो मिळणार नाही. लहान फोटोंची नक्कल होईल, मोठ्यांची होणार नाही, आणि ते ज्या दिवशी डिस्क जाईल त्या दिवशी कळेल.

बॅकअपला वेब सर्व्हरच्या गटात घाला, तेवढे पुरे. यूजरमॉड या, वापरकर्त्याचे गट बदलणाऱ्या आज्ञेत मोठ्या 'जी'च्या आधी लहान 'ए' विसरू नका. तो नसला तर बॅकअप ज्या ज्या इतर गटांत आहे त्या सर्वांतून त्याचे नाव निघते. मी एकदा स्वतःलाच सुडोच्या गटातून असे बाहेर काढले होते. डॉट-ईएनव्ही ६०० असल्यामुळे या नक्कलेत येणार नाही, तिची प्रत वेगळी ठेवा.

उद्यमनगरकर, गुरुवार, सकाळी ७.४०

बॅकअपला 'ए'सह गटात घातले. रात्री अडीचच्या लॉगमध्ये एकही १३ नाही, आणि उतरलेल्या फाइलींच्या यादीत ब्लो होलचा तो ३.९ एमबीचा फोटो आहे. दुसऱ्या डिस्कवरून तो उघडूनही पाहिला.